चाळीसचे चार कसे झाले?

आजचा विषय ऐकून काही जण मघाशी हसले. तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि एक्सेलचे रकाने? पण आकडा आणि आकड्याचं रूप हा आमच्या विषयातला फार जुना वाद आहे. तो मला नव्यानं भेटला पवनमावळातल्या एका ओट्यावर, २०२३ च्या फेब्रुवारीत.

ओळखीचं कुटुंब, तीन भाऊ, जमिनीचं वाटप. पुतण्यानं सगळे गट संगणकावर टाकून कागद छापून आणला होता. थोरल्या भावानं चष्मा लावला, बोट ठेवलं आणि आवाज चढवला, "अरे, इथे चाळीस आर आहेत. चार कसे झाले?" पुतण्या म्हणाला, "आबा, तेच आहे हो ते." कागदावर होतं ०.४.

आता गंमत अशी की दोघंही बरोबर होते. पुतण्याच्या लेखी ०.४ हेक्टर म्हणजेच चाळीस आर. आबांना सात-बारा वाचायची सवय. तिथं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात, ०.४०.०० असं. तिथला टिंब हा दशांशचिन्ह नाही, तो दोन मापांमधला बांध आहे. पुतण्यानं ०.४० असंच टाइप केलं होतं. यंत्राला शेवटचं शून्य निरर्थक वाटलं, त्यानं ते दाखवायचं सोडून दिलं. आत साठवलेली संख्या तीच राहिली, बदललं ते फक्त दर्शन. रकान्याला 'दोन दशांश स्थळं दाखव' एवढं सांगितलं की शून्य परत येतं.

एकर-गुंठ्यांत तर याहून वाईट. १.२५ म्हणजे जुन्या माणसाला एक एकर पंचवीस गुंठे, एकूण पासष्ट गुंठे. यंत्राला तो सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे. असे दोन तुकडे मिळवले तर माणूस म्हणेल तीन एकर दहा गुंठे, यंत्र म्हणेल अडीच एकर. इथं दर्शन नीट करून भागत नाही. एकराचा रकाना वेगळा आणि गुंठ्यांचा वेगळा करावा लागतो.

ही नुसती संगणकाची खोड नाही. आपल्याकडे सव्वा लिहायला एकावर एक उभा दंड देत, १। असा. दीडला १॥, पावणेदोनला १॥।. पोरं पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करायची ती याच जगात. आणि रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा. तीन भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, तंतोतंत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि तिसरा हिस्सा कायमचा अपुरा राहिला, तेहतीस पैसे आणि वर काहीतरी. दशमान पद्धतीचा मी विरोधक नाही, हिशेब सोपे झाले हे खरंच. पण वारसांच्या वाटण्या आण्यांत का होत, ते यावरून कळतं.

आबांच्या कागदावरही तेच झालं. चाळीस आरांचे तीन वाटे, प्रत्येकी १३.३३. खाली बेरीज छापलेली ४०.००. धाकट्यानं हातानं मिळवलं, ३९.९९ आले. एक चौरस मीटर कुठे गेला? कुठेच नाही. आतली संख्या १३.३३३३... अशी लांब आहे, बेरीज तिची होते, दिसतं मात्र कापलेलं. फ्रेगेनं १८९२ मध्ये पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा एकच असूनही दोन नावांचा अर्थ वेगळा कसा, यावर निबंध लिहिला. त्याला हा कागद आवडला असता.

तरी इथवर नुकसान फक्त दिसण्याचं. खरा घात पुढच्या ओळीत होता. गट नंबर ७, पोटहिस्सा २. पुतण्यानं ७/२ टाकलं, यंत्रानं ७ फेब्रुवारी केलं. "दर्शन बदल, सुटेल," असं मीच शहाणपणानं सुचवलं. बदललं तर आलं ४४९६४. कारण एक्सेल तारखा दिवस मोजून ठेवतं, १ जानेवारी १९०० हा पहिला. म्हणजे इथं कपडे नव्हे, माणूसच बदलला होता. ७/२ आत कुठेही उरलं नव्हतं. रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवावा लागतो, मग आकडे भरायचे. यात आपणच अडाणी असं समजू नका. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये 'मार्च१'चं 'मार्चएफ१' केलं, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतही त्याची तारीख होत होती.

इथून जवळच कार्ल्याच्या लेण्यांत वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षाचा शिलालेख आहे, हरफरण नावाच्या उपासकानं दिलेल्या नऊ खोल्यांच्या मंडपाचा. त्यात वर्ष आधी शब्दांत आहे आणि लगेच अंकांत. वीसची एक खूण, तिच्याशेजारी चारची. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. पंधरवडा आणि दिवसही असेच दोनदा, अक्षरी आणि अंकी. आपण आज चेकवर करतो तेच. एकवीरेला जाताना शेजारच्या लेण्यातही डोकवा.

आबांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं आणि छापील ०.४ च्या खाली लिहिलं, 'अक्षरी चाळीस आर'. मग तिघांनी सह्या केल्या. गट नंबरची ओळ मात्र पुतण्याकडून पुन्हा छापून आणवली, आणि तोवर चहाला कोणी हात लावला नाही.