कडेची नजर आणि चष्म्याची भिंगे

दोन्ही डोळ्यांनी समोर पाहताना निरोगी माणसाला डावीकडून उजवीकडे सुमारे १८० अंशांचा परिसर दिसतो. काचबिंदू आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारांत तो कडेने आक्रसत जातो. पक्षाघातानंतर काही रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची एकच बाजू जाते. समोरचा चेहरा ओळखू येतो, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही.

यावर सुचलेला एक उपाय म्हणजे गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण उलटी धरणे. दोन पटींच्या दुर्बिणीतून सारे निम्म्या आकाराचे दिसते आणि दुप्पट परिसर नजरेत मावतो. मात्र बारकावेही तितकेच हरवतात. अर्धी बाजू गेलेल्यांसाठी चष्म्याच्या चौकटीला नाकाजवळ छोटा आरसा बसवण्यात येई. त्यात हरवलेली बाजू दिसे, पण उलटी. शिवाय शाबूत बाजूचा काही भाग आरशाआड जाई.

लोलक प्रकाशकिरण वळवतो, पण जास्त शक्तीचा काचेचा लोलक चष्म्यासाठी फार जाड आणि जड होतो. ही अडचण दीपगृहांच्या तंत्राने दूर केली. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी काचेच्या कड्यांचे पातळ भिंग बनवले आणि १८२३ मध्ये ते फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात बसले. त्याच तत्त्वावर १९७०च्या सुमारास मऊ प्लॅस्टिकचे दातेरी लोलक आले. ते कात्रीने कापून, पाण्यात धरून चष्म्याच्या काचेवर चिकटवता येत.

तरीही पूर्ण काचेवरचा लोलक दृश्य नुसते सरकवतो. दृष्टिक्षेत्र वाढत नाही. बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतील एली पेली यांनी २००० मध्ये वेगळी मांडणी प्रसिद्ध केली. उजवी बाजू गेली असेल तर उजव्या काचेवरच, बाहुलीच्या वर आणि खाली एकेक लोलकपट्टी बसवायची आणि मधला भाग मोकळा ठेवायचा. ४० डायॉप्टरचा लोलक एक मीटरवर किरण ४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २२ अंश वळवतो. त्यामुळे न दिसणाऱ्या बाजूची हालचाल शाबूत भागात उमटते, आणि समोरचे दृश्य स्वच्छच राहते. पुढे ५७ डायॉप्टरच्या पट्ट्यांनी हा लाभ सुमारे ३० अंशांवर नेला.

या पट्ट्या गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. त्या अडथळ्याची चाहूल देतात. तो नेमका कुठे आहे, हे मान वळवूनच पाहावे लागते. म्हणून चष्म्यासोबत सरावही लागतो. नळीसारख्या आक्रसलेल्या नजरेसाठी मात्र इतका सोयीचा उपाय अजून हाती आलेला नाही. तिथे नजर सतत फिरवण्याचे प्रशिक्षण आणि पांढरी काठी यांचाच मुख्य आधार आहे.