दीर्घपरिणामी इन्शुलिन आणि मात्रानिश्चितीचा अधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
इन्शुलिनचा इतिहास बहुधा शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु औषधाची मात्रा कोणी ठरवावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मात्रा कमी पडली तर रक्तशर्करा वाढत राहते. जास्त झाली तर ती घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. हा निर्णय वैद्यकाकडून रुग्णाच्या घरापर्यंत कसा आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दीर्घपरिणामी इन्शुलिनचा उदय :
टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. त्याचा परिणाम काही तासच टिके. त्यामुळे दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागे. त्याच वर्षी डेन्मार्कचे नोबेल विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग टोरांटोस गेले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि मधुमेहीही. त्यांच्याच आग्रहावरून ही भेट घडली. मारी यांचे चिकित्सक हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांच्या सहकार्याने डेन्मार्कमध्ये इन्शुलिननिर्मिती सुरू झाली. १९३६ मध्ये हागेडोर्न यांनी प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन इन्शुलिनचा परिणाम लांबविला. १९४६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एनपीएच इन्शुलिन सिद्ध झाले.

मापनाची अडचण :
औषध घरी आले, तरी मापन घरी आले नव्हते. लघवीतील साखर तपासता येई. पण ती काही तासांपूर्वीची स्थिती दर्शवी आणि रक्तशर्करा घसरल्याची सूचना देत नसे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती रक्तशर्करा मापनास सुरुवात झाल्यावरच मात्राबदलास विश्वसनीय आधार मिळाला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४४१ रुग्णांवरील अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाने काटेकोर नियंत्रणामुळे डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंची हानी घटते, हे सिद्ध केले. मात्र रक्तशर्करा गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट झाल्याचेही नोंदविले.

निर्णयाचे हस्तांतरण :
२००० मध्ये अमेरिकेत ग्लार्जिन इन्शुलिनला मान्यता मिळाली. २००३ च्या एका अभ्यासात सकाळच्या उपाशीपोटीच्या रक्तशर्करेवरून दर आठवड्यास मात्रा बदलण्याचा ठरीव नियम वापरण्यात आला. २००५ च्या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांच्या एका गटाने दर तीन दिवसांनी स्वतःच मात्रा बदलली. त्यांचे नियंत्रण दवाखान्यातील भेटींवर अवलंबून असलेल्या गटाहून काहीसे सरस ठरले. असा कालावधी राखण्यामागे कारण आहे. दीर्घपरिणामी औषधाच्या नव्या मात्रेचा पूर्ण प्रभाव दिसण्यास काही दिवस लागतात. एका दिवसाच्या आकड्यावरून केलेली वाढ पुढे घातक ठरू शकते.

निष्कर्ष :
मात्रानिश्चितीचा अधिकार घरी आला तो केवळ औषधामुळे नव्हे. मापनाचे साधन आणि वैद्यकाने आखून दिलेला नियम यांचीही त्यास जोड लागली. वृद्ध आई-वडिलांना रोज इन्शुलिन टोचणाऱ्या मुलासुनेच्या हाती आज हा अधिकार आहे. यांपैकी एकही आधार निखळला, तर तोच अधिकार जोखीम ठरतो, हे या इतिहासाचे सार होय.