गर्भस्राव आणि शिरोडकरांचा टांका

सुश्रुतानें चौथ्या महिन्यापर्यंतच्या हानीस गर्भस्राव आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांतील हानीस गर्भपात अशीं दोन नांवें दिलीं होतीं. गिरगांव-लालबागच्या चाळींत मात्र कारण पुष्कळदां एकच ठरे: बाईची चूक. रक्त दिसलें कीं तिला निजवावयाचें, आणि तिनें पपई खाल्ली कीं ती जिना धांवत चढली, याची चौकशी मांडावयाची. वस्तुतः अशा स्रावानंतरहि पुष्कळ गर्भ नीट वाढतात. आरंभीं गळणाऱ्या गर्भांपैकीं सुमारें निम्म्यांत दोष गर्भाच्याच गुणसूत्रांत असतो. आईनें अंथरूण धरल्यानें तो जात नाहीं. गर्भ नळींत रुजला असला तर घरीं निजवून ठेवणें तिच्याच जिवावर बेततें.

पांचव्या महिन्याच्या सुमारास, फारशा कळांवांचून, पुनःपुन्हा होणाऱ्या हानीचें कोडें निराळें. गोमंतकांतील शिरोड्यास १८९९ सालीं जन्मलेले व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं अशा स्त्रियांच्या गर्भाशयाचें मुखच दुबळें असल्याचें हेरलें, आणि त्यांच्याच मांडींतील चिवट पडद्याची पट्टी त्याभोंवतीं बांधली. १९५५ सालीं ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली व जगभर त्यांच्या नांवानें ओळखली गेली. आरंभींच्या रक्तस्रावास मात्र तिचा उपयोग नाहीं.