महावीराचार्यांची अंकमाला

नवव्या शतकात आजचा मराठवाडा मान्यखेटच्या राष्ट्रकूट साम्राज्यात मोडत होता. सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आरंभी जिनवंदन करून आचार्यांनी व्यापारापासून ग्रहगतीपर्यंत सर्वत्र गणिताची महती सांगितली आहे.

गुणाकाराच्या प्रकरणात कंठहाराप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचता येणाऱ्या संख्या आहेत. त्यांपैकी एक १२३४५६५४३२१. अंक एकापासून सहापर्यंत चढतात व त्याच क्रमाने उतरतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता ही संख्या मिळते. पहिली संख्या ५२९१ चा, तर दुसरी २१ चा वर्ग आहे. आणि ५२९१ गुणिले २१ म्हणजे १११११١. म्हणून ही अंकमाला १११११1 चा वर्ग ठरते. गुणाकार मांडताना सहा ओळी एकेक घर सरकतात, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा एक ते सहा चढून पुन्हा एकावर येतात. हातचा येत नाही, म्हणून माळ तुटत नाही.

हस्तलिखितांतून टिकलेला हा ग्रंथ रंगाचार्यांनी १९१२ साली मद्रास येथे इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली. अनाम लेखनिकांनी पोथ्या उतरवल्या नसत्या, तर ही माळ कायमची ओघळली असती. मंदिरांतील जुन्या पोथ्या जपणे हीच खरी श्रुतसेवा होय.