खिमा मॅकरोनी

खिमा मॅकरोनी हा बारीक केलेले मांस, मॅकरोनी, कांदा, टोमॅटो आणि मसाले एकाच भांड्यात शिजवून केला जाणारा मुख्य जेवणाचा पदार्थ आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील ख्रिश्चन व मुस्लिम कुटुंबांत तो प्रामुख्याने रात्रीच्या जेवणासाठी केला जातो. या पदार्थासाठी मटण किंवा कोंबडीचा खिमाही वापरतात. तथापि 'बीफ' या नावाने ओळखला जाणारा त्याचा प्रकार विशेष प्रचलित आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस पूर्ण बंदी असल्यामुळे येथील बाजारात 'बीफ' या शब्दाने म्हशीचे किंवा रेड्याचे मांस अभिप्रेत असते. मांस बदलल्याने पदार्थाच्या कृतीतही बदल झाला आहे. परदेशी पाककृतींत खिमा आणि पास्ता जवळजवळ एकाच वेळी शिजवतात, तर मुंबईत खिमा आधी मऊ शिजवून घेऊन मगच त्यात मॅकरोनी घालावी लागते.

नाव

'खिमा' हा शब्द तुर्की भाषेतून फारसीमार्गे भारतीय भाषांत आला. बारीक तुकडे केलेले मांस असा त्याचा अर्थ आहे. 'मॅकरोनी' हा शब्द मूळ इटालियन असून तो इंग्रजीतून मराठीत रूढ झाला. भारतीय बाजारात मॅकरोनी म्हणजे बहुधा कोपरासारख्या वाकलेल्या, आखूड व पोकळ नळ्या. मुंबईच्या हिंदीत म्हशीच्या मांसाला 'बडे का' असे म्हणतात. व्यापारात व निर्यातीत त्यासाठी 'कॅराबीफ' हा शब्दही वापरला जातो.

पार्श्वभूमी

मांस आणि मॅकरोनी एकत्र शिजवण्याची पद्धत अनेक देशांत आढळते. अमेरिकेतील 'चिली मॅक' आणि तेथे 'गुलाश' या नावाने ओळखला जाणारा मॅकरोनीचा पदार्थ, तसेच रशियातील 'नौदलाची मॅकरोनी' हे त्याचे परिचित प्रकार होत. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी 'हॅम्बर्गर हेल्पर' हे पुडक्यातील मिश्रण बाजारात आले. त्यामुळे थोड्या मांसात पास्ता घालून संपूर्ण कुटुंबाचे जेवण एकाच भांड्यात करण्याची पद्धत तेथे घरोघरी पोहोचली. पास्ता वेगळा न उकळता रस्सा व पास्ता एकत्र शिजवण्याची पद्धत २०१३ नंतर जगभर पुन्हा लोकप्रिय झाली.

गव्हाच्या पिठाचे किंवा रव्याचे लहान आकार वळून, वाळवून साठवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. शेवया, गव्हले, मालत्या, नखुल्या व बोटव्या हे प्रकार 'वळवट' या नावाने ओळखले जातात. ते मुख्यतः खिरीसाठी वापरले जातात आणि लग्नाच्या रुखवतातही मांडले जातात. शेवयांसाठी पसंत केला जाणारा बन्सी गहू हा दुरम जातीचा, म्हणजेच उत्तम पास्त्यासाठी लागणाऱ्या कठीण गव्हाचा प्रकार आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेली 'एमएसीएस ४०२८' ही जातही दुरम गव्हाचीच आहे. मॅकरोनी हे नाव परके असले, तरी तिच्यासाठी लागणारे धान्य महाराष्ट्राला अपरिचित नाही.

मुंबई उपनगरांतील स्थान

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली स्वतंत्र झाला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. अंधेरीतील मरोळ, चकाला व आंबोली तसेच बोरिवली तालुक्यातील गोराई, मनोरी व एक्सर येथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावठाणे आहेत. हा समाज मूळ स्थानिक असून पोर्तुगीज अमलात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याची बोली मराठीचाच एक प्रकार आहे. गोवा व मंगळूर येथून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी समाजाने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले.

या समाजाच्या स्वयंपाकात बाटली मसाल्याला महत्त्वाचे स्थान आहे. वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून व कुटून तो उन्हाळ्यात वर्षभरासाठी केला जातो आणि परंपरेने गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. मसाल्याचे हे नाव त्यावरूनच पडले. ईस्ट इंडियन घरांत खिमा मॅकरोनीला हाच मसाला वापरला, तर वेगळा गरम मसाला घालावा लागत नाही. मुस्लिम घरांत त्याऐवजी आले-लसूण, हळद, लाल तिखट, धणे-जिरे पूड व गरम मसाला वापरतात.

कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने हा पदार्थ त्या दिवशी केला जात नाही.

मांस आणि कायदा

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये राज्यात गाईंच्या कत्तलीस बंदी होती. बैल व वळू यांची कत्तल मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रानंतर करता येत असे. ही बंदी बैल व वळूंना लागू करणारे सुधारणा विधेयक विधिमंडळाने १९९५ साली संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१५ च्या फेब्रुवारीत मिळाली आणि मार्च २०१५ पासून ते अमलात आले. या कायद्यानुसार बेकायदा कत्तलीसाठी ५ वर्षांपर्यंत कारावास व १०,००० रुपयांपर्यंत दंड, तर असे मांस बाळगल्याबद्दल १ वर्षापर्यंत कारावास व २,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी दिलेल्या निर्णयात कत्तलबंदी वैध ठरवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम ५-ड मात्र खासगीपणाच्या हक्काचा भंग करणारे म्हणून रद्द केले. आरोपीवर निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार टाकणारे कलम ९-ब हेही रद्द झाले. राज्यात बेकायदा कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा कायम राहिला. मात्र ते मांस जाणीवपूर्वक बाळगलेले असले पाहिजे, असा अर्थ न्यायालयाने लावला.

म्हैस व रेडा यांना ही पूर्ण बंदी लागू नाही. म्हशी अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यानंतर त्यांची कत्तल करता येते. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे पशुवधगृह पूर्व उपनगरातील देवनार येथे आहे. तेथे कत्तलीपूर्वी जनावराची आणि कत्तलीनंतर मांसाची पशुवैद्यकांकडून तपासणी केली जाते.

खिम्याच्या बाबतीत या कायद्याला व्यावहारिक महत्त्व आहे. मोठ्या तुकड्यांत मांसाचा रंग, धागा व चरबी पाहून अनुभवी व्यक्तीला काही अंदाज बांधता येतो. खिमा झाल्यावर मात्र तो कोणत्या जनावराचा आहे हे नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. यामुळे परवानाधारक दुकानातून मांसाचा तुकडा निवडून तो समोर बारीक करून घेणे आणि पावती जपून ठेवणे हे कायदा व स्वच्छता या दोन्ही दृष्टींनी सुरक्षित समजले जाते.

म्हशीच्या मांसाचे गुणधर्म

म्हशीचे मांस गोमांसापेक्षा अधिक गडद रंगाचे असून त्याची चरबी पांढरी असते. त्यात स्नायूंच्या आतील चरबी कमी असते. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि दीड ग्रॅमच्या आसपास चरबी असते. दुकानातील खिम्यात मिसळलेल्या चरबीनुसार हे प्रमाण बदलते. प्रौढ जनावराच्या मांसातील संयोजी ऊती चिवट असतात आणि मऊ होण्यासाठी त्यांना ओलसर उष्णतेत बराच वेळ शिजवावे लागते.

या गुणधर्मांचे पाककृतीवर दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे, परदेशी कृतींत खिमा परतल्यावर सुटलेली चरबी काढून टाकण्यास सांगितलेले असते. येथे ती पायरी लागत नाही, उलट थोडे तेल घालावे लागते. दुसरा परिणाम वेळेसंबंधी आहे. मॅकरोनी ८ ते १० मिनिटांत शिजते, तेवढ्या वेळात म्हशीचा खिमा मऊ होत नाही. दोन्ही एकदम शिजवल्यास खिमा चिवट राहतो किंवा मॅकरोनीचा लगदा होतो.

साहित्य

चार माणसांसाठी साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

म्हशीचा खिमा ५०० ग्रॅम
मॅकरोनी २५० ग्रॅम
मोठे कांदे २, बारीक चिरून
टोमॅटो ३, बारीक चिरून
आले-लसणाचे वाटण १ मोठा चमचा
हिरव्या मिरच्या २
बाटली मसाला २ लहान चमचे (किंवा हळद, लाल तिखट, धणे-जिरे पूड व गरम मसाला)
तेल २ मोठे चमचे
गरम पाणी सुमारे ६०० मिलिलिटर, खिमा शिजवण्यासाठी आणखी अर्धी वाटी
मीठ चवीप्रमाणे, वरून कोथिंबीर व लिंबू

कृती

कुकरमध्ये तेल तापवून कांदा तांबूस होईपर्यंत परततात. त्यात आले-लसूण व मिरची घालून कच्चा वास गेल्यावर खिमा घालतात. खिम्याला सुटलेले पाणी आटेपर्यंत आणि गोळे मोडून तो सुटा होईपर्यंत मोठ्या आचेवर परततात. पाणी आटण्यापूर्वी मसाला घातल्यास खिमा परतला न जाता उकडला जातो आणि पदार्थाला खमंगपणा येत नाही. त्यानंतर मसाला, मीठ, टोमॅटो व अर्धी वाटी पाणी घालून झाकण लावतात आणि तीन ते चार शिट्ट्या होऊ देतात.

वाफ पूर्ण जिरल्यावर झाकण काढून खिमा मऊ झाल्याची खात्री करून घेतात. मग गरम पाणी घालून उकळी आणतात, मॅकरोनी घालतात व भांडे अर्धवट झाकून मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटे शिजवतात. तळाला लागू नये म्हणून दर दोन मिनिटांनी ढवळावे लागते. मॅकरोनी चावताना किंचित करकरीत असतानाच आच बंद करून पाच मिनिटे झाकून ठेवतात. तेवढ्या वेळात उरलेला रस्सा तीत मुरतो.

पास्ता वेगळा उकळण्यासाठी दर १०० ग्रॅमला सुमारे १ लिटर पाणी वापरण्याचा प्रघात आहे. म्हणजे २५० ग्रॅम मॅकरोनीला अडीच लिटर पाणी लागले असते. एकाच भांड्याच्या पद्धतीत त्याच्या एक चतुर्थांश पाणी पुरते आणि मॅकरोनीतून सुटलेल्या पिष्टामुळे रस्सा आपोआप दाट होतो. पाणी फेकले जात नसल्यामुळे मीठ मात्र रश्शाच्या अंदाजानेच घालावे लागते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या उपनगरी घरांत पाण्याची व गॅसची ही बचत उपयुक्त ठरते.

मॅकरोनीही कुकरचे झाकण लावून एका शिट्टीत शिजवण्याची पद्धत काही घरांत आहे. पिष्टयुक्त पदार्थाला फेस येऊन शिट्टीची नळी तुंबण्याचा धोका असल्याने अशा वेळी कुकर निम्म्याहून अधिक भरू नये.

अन्नसुरक्षा

अखंड मांसात जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते सर्वत्र मिसळतात. त्यामुळे खिमा आतून गुलाबी राहू न देता किमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवणे आवश्यक असते. कुकरमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. कच्चा खिमा शीतकपाटात एक ते दोन दिवसच टिकतो. शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत, आणि हवेचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास एका तासाच्या आत, शीतकपाटात ठेवावा. तो तीन ते चार दिवसांत संपवावा. शिळ्या मॅकरोनीने रस्सा शोषून घेतलेला असतो, म्हणून गरम करताना थोडे पाणी घालतात व वाफ येईपर्यंत तापवतात.

मॅकरोनीत ग्लुटेन असल्यामुळे सिलिॲक विकार असलेल्या व्यक्तींसाठी हा पदार्थ योग्य नाही.

प्रकार

मटणाच्या खिम्याला कुकरमध्ये तुलनेने कमी वेळ लागतो. कोंबडीचा खिमा शिट्टीशिवायच शिजतो, त्यामुळे तो व मॅकरोनी पाठोपाठ घालता येतात. मटार, बटाट्याच्या फोडी, गाजर किंवा ढोबळी मिरची घालून पदार्थ वाढवण्याची पद्धत आहे. लहान मुलांसाठी मसाला कमी करून वरून किसलेले चीज घालतात. शाकाहारी प्रकारात खिम्याऐवजी भिजवून पिळलेला सोयाचा चुरा वापरतात. त्याला आधी शिजवावे लागत नाही.

हे सुद्धा पहा

खिमा
पास्ता
शेवया
बाटली मसाला
ईस्ट इंडियन समाज
देवनार
मुंबई उपनगर जिल्हा