शाहूवाडीतील वडाप : मागणीचे दोन आघात

गाडी भरली की सुटणारी, वेळापत्रकाविना चालणारी सामायिक जीप म्हणजे वडाप. शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांना मलकापूरच्या बाजारपेठेशी जोडणारे हे एक साधन होय. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीत शाळा व आठवड्याचे बाजार बंद होते; प्रवासाचे प्रयोजनच लोपले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एस. टी. संपात प्रयोजन कायम राहिले, स्वस्त पर्याय तेवढा नाहीसा झाला. नोव्हेंबरात शासनाने खासगी वाहनांस प्रवासी नेण्याची मुभा दिली. संपकरी एप्रिल २०२२ मध्ये परतले. तोवर विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास निरुपयोगी ठरला होता. सारांश, वडापची मागणी स्वयंभू नव्हे. आणि तिची वाढ ही नेहमीच सोयीची वाढ नसते, कित्येकदा ती निरुपायाची असते.