टाकणखार ते बोरिक पावडर

बेसमेंटमध्ये कॅरम मांडला की पहिली हाक येते ती बोरिक पावडरची. ही पुडी बहुतेकजण भारतातून आणतात. पण तिच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय अमेरिकेतच घडला आहे.

एकेकाळी टाकणखार यायचा तिबेटातल्या सरोवरांकाठून. हिमालय ओलांडून तो हिंदुस्थानात येई. सोनार दागिना जोडताना तो वापरीत, आणि काही माल युरोपात जाई. याच खारापासून होमबर्गने १७०२ साली बोरिक आम्ल तयार केले. पुढे १८१८ पासून टस्कनीतल्या वाफाळत्या झऱ्यांतून ते काढण्याचा उद्योग उभा राहिला.

अमेरिकेची पाळी नंतर आली. १८८१ साली डेथ व्हॅलीत आरन विंटर्स याने जमिनीवरच्या पांढऱ्या थरावर आम्ल आणि अल्कोहोल ओतून काडी लावली. ज्वाला हिरवी! हीच बोरॉनची खूण. १८८३ मध्ये तिथे हार्मनी कारखाना सुरू झाला. अठरा खेचरे आणि दोन घोडे जुंपलेल्या गाड्या १६५ मैलांवरच्या मोहावे रेल्वे स्थानकापर्यंत माल नेत. खेचरांचे चित्र पुढे पुडक्यावर झळकले. थर खरवडून गोळा करणारे मजूर मात्र चिनी होते. त्यांच्या देशबांधवांना, मजूर म्हणून इथे येण्यास, १८८२ च्या कायद्याने बंदी घातली होती! १८८८ मध्ये कारखाना बंद पडला.

आज कॅलिफोर्नियातल्या बोरॉन गावी प्रचंड उघडी खाण आहे. बोरॉनच्या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून बोरिक आम्ल मिळवतात. त्याचे स्फटिक पापुद्र्यांचे असतात. पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटीही सरकते. उष्णता सोसणारी काच, काचतंतू, झुरळांचा बंदोबस्त, अणुभट्टीतले न्यूट्रॉन शोषणे, अशी त्याची कामे आहेत.

मात्र हे सौम्य आम्ल निरुपद्रवी नाही. पूर्वी तान्ह्या बाळांच्या अंगाला ते लावत. त्यातून विषबाधा होऊन मुले दगावली. तेव्हा पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि पावडर फुंकू नये.

१९६५ च्या कायद्याने आपल्याला इथले दार उघडले. पुढच्या वेळी बोर्डावर चिमूटभर पावडर टाकताना, ज्यांना ते बंद होते त्यांची आठवण ठेवू या.